मदत हवी आहे : निऑन व्हाइटमध्ये शेवटच्या वळणावर रन हमखास तुटतो

ओवी :

नमस्कार. इथले गेमिंगचे धागे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

दिवसभर हिशेबाचं काम असतं. रात्री मुलगा झोपला की साडेदहा ते साडेअकरा हा एक तास माझा. त्या तासात गेले तीन महिने मी निऑन व्हाइट खेळते आहे (२०२२ सालचा गेम आहे, मला उशिराच सापडला). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळं पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून, म्हणजे आपले पाय दिसत नाहीत, नुसता पुढचा रस्ता. हातात पत्ते असतात. प्रत्येक पत्ता एक बंदूक. पण तोच पत्ता टाकून दिला की त्यातून हालचाल मिळते. पिवळा टाकला की हवेत दुसरी उडी, निळा टाकला की सरळ झेप, लाल टाकला की जिकडे बघाल तिकडे. म्हणजे दर क्षणी ठरवायचं, हा झाडायचा की टाकायचा. लेव्हलमधले सगळे राक्षस मेल्याशिवाय शेवट गाठून उपयोग नाही, आणि घड्याळ चालूच असतं.

मला हे इतकं का आवडतं ते सांगते, कारण प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. मी अडकले आहे ती लेव्हल पहिल्यांदा पूर्ण करायला मला सव्वा मिनिट लागलं होतं. मग एके दिवशी लक्षात आलं की जिना चढायची गरजच नाही, निळा पत्ता राखून ठेवला तर खिडकीतून थेट पलीकडे जाता येतं. बावन्न सेकंद. मग पाण्यावरून धावलं तर वेग वाढतो हे वापरलं. अडतीस. फुग्यासारख्या राक्षसावर आपटून वर उसळायचं जमलं तेव्हा एकतीस. प्रत्येक वेळी वाटायचं की आता याहून कमी शक्यच नाही, आणि दोन दिवसांनी त्याच भिंतीत नवी वाट दिसायची. हा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेला नाही.

आता माझी वेळ २६.४२ सेकंद आहे. एस (Ace) मेडल, म्हणजे सुवर्णपदकाच्याही वरचं, २५ ला. आणि इथे मी अकरा रात्री अडकले आहे.

शेवटच्या मनोऱ्यावर उडी मारली की एक राक्षस मागे राहतो. हवेतच पूर्ण मागे वळायचं, एक गोळी, परत पुढे वळायचं आणि लाल पत्ता टाकून दाराकडे झेपावायचं. हे मी करू शकते, शंभरदा केलं आहे. पण रन (म्हणजे सुरुवातीपासूनची एक सलग फेरी) तिथवर चांगला झाला, माझा स्वतःचा घोस्ट (आधीच्या सर्वांत चांगल्या रनची सोबत धावणारी सावली) मागे पडलेला दिसला, की नेमकी त्याच वळणावर नजर राक्षसाच्या अलीकडेच थांबते. गोळी हुकते. एक कळ दाबली की लेव्हल पुन्हा सुरू होते, ते तत्काळ होतं म्हणून तर मी बसून राहते. पण काल चाळीस-पन्नास रिस्टार्टनंतर डोळ्यांत पाणी आलं. आणि अर्ध्या तासानंतर गरगरतंही.

माझे प्रश्न: हे मनाचं आहे की हाताचं? घोस्ट बंद करावा का? आणि गरगरण्यावर काय करता?

दादरकर :

ताई, घोस्ट बंद करा. तो वाट शिकेपर्यंत कामाचा, नंतर नजर खेचतो.

१९९७ साली काही खेळाडूंनी मिळून क्वेक हा गोळीबाराचा गेम सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटं ४९ सेकंदांत संपवला होता. तो रन एका बैठकीतला नव्हता. लेव्हली वेगवेगळ्या खेळल्या आणि रेकॉर्डिंग जोडली, म्हणजे प्रत्येक तुकडा सुटा घोटता आला. तुम्हाला मात्र लेव्हलच्या मधून सुरुवात करता येत नाही, त्यामुळे तुम्ही ते शेवटचं वळण चांगल्या रनमध्येच, म्हणजे सगळ्यात जास्त धडधड असतानाच खेळता. रोज पहिले दहा रन घड्याळाकडे न बघता सावकाश शेवटपर्यंत न्या. फक्त ते वळण करायला. मधे काही चुकलं तरी रिस्टार्ट नाही.

निशिगंध :

मला हाताचं वाटतंय. आधी एक तपासा. माऊस पॅडच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळू सरकवा, नजर कुठे थांबते ते बघा. मग तेवढंच अंतर झटक्यात. दोन्ही वेळा वेगळ्या जागी थांबली तर विंडोजमधला पॉइंटरचा प्रवेग (माऊस झटक्यात हलवला की पॉइंटर जास्त सरकतो तो) बंद करा, तो मुळातच चालू असतो. काही गेम तो जुमानत नाहीत, काही जुमानतात.

गरगरण्यासाठी दृष्टिक्षेत्र (पडद्यावर आजूबाजूचं किती दिसतं ते) थोडं वाढवा आणि डोळे मधल्या खुणेवरच ठेवा. २००८ च्या मिरर्स एज या गेममध्ये पडद्याच्या मधोमध जो ठिपका होता तो ह्याचसाठी.

आणि माऊस कशावर सरकवता?

ओवी :

दोघांचेही मनापासून आभार.

निशिगंध, तपासलं. दोन्ही वेळा नजर एकाच जागी थांबली, म्हणजे प्रवेग नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि टेबलाकडे बघितलं. मुलाच्या प्रोजेक्टचा उरलेला पुठ्ठा, वहीएवढा. लेव्हलमधली पहिली तिन्ही वळणं उजवीकडे आहेत. सावकाश खेळताना मी नकळत माऊस उचलून मधे आणते. रन चांगला असला की तेवढी उसंत घेत नाही, आणि मनोऱ्यावर पोचेपर्यंत माऊस पुठ्ठ्याच्या उजव्या कडेला असतो. मागे वळताना तो शेजारच्या पाण्याच्या तांब्याला लागून थांबत होता. अकरा रात्री!

तांब्या हलवला. पाण्यावरचा लांब पट्टा येतो तिथे हात दीड-दोन सेकंद मोकळा असतो, तेव्हा माऊस उचलून डावीकडे आणायचा असं ठरवलं. दादरकर, तुमचे दहा सावकाश रनही केले. दृष्टिक्षेत्र वाढवल्यावर गरगरणं पूर्ण गेलं नाही, पण तासभर बसता आलं.

आज २५.१९. शेवटचं वळण आता जमतंय. उरलेले एकोणीस शतांश कुठे आहेत ते दिसत नाही. फुग्यावरून उसळताना गरजेपेक्षा उंच जाते आहे असा संशय आहे. फुगा कडेला फोडला तर उसळी कमी मिळते का, की ती नेहमी सारखीच असते? कोणी मोजून बघितलं आहे का?