मदत हवी आहे : गावात पीएम-वाणी वायफाय सुरू करायचंय, लाईनवर अडलंय

अकोले तालुक्यात डोंगराकडेचं गाव, शंभरेक घरं, एसटी थांब्यालगत माझं किराणा दुकान. रिचार्ज मीच मारतो त्यामुळे रोज बघतो, घरात तीन फोन आणि २८ दिवस झाले की परत तोच खर्च, मग मजुरीवाले एकच चालू ठेवतात आणि पोरं अभ्यासाला त्याच्यावरच भांडतात. म्हणून म्हटलं पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेत आपण पीडीओ (म्हणजे वायफाय चालवून विकणारा दुकानदार) होऊ, ५-१० रुपयांची कूपनं विकू.

ग्रामपंचायतीत भारतनेटचा (सरकारच्या फायबर इंटरनेटचा) डबा आहे, पण त्याचा लाल दिवा काही हिरवा होत नाही, दोनदा तक्रार करून झाली. मग फायबरवाल्याकडे गेलो तर तो म्हणतो साधं कनेक्शन वाटता येणार नाही, लीज्ड लाईन (धंद्यासाठीची वेगळी, महागडी लाईन) घ्या. ती कुठून परवडणार! पीडीओला लायसन्स लागत नाही, आणि दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये आदेश काढलाय की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायचे. मोबाईलवर दाखवलं तर हसला, म्हणे कागदावर असतंय सगळं.

बजेट १५ हजार, इन्व्हर्टर आहे. सिमवाला राउटर सुचवू नका, पावसाळ्यात रेंजच गुल असते.

कोणी खेड्यात प्रत्यक्ष पीडीओ चालवतंय का? फायबरवाल्याला त्या आदेशाप्रमाणे कनेक्शन द्यायला कसं लावलंत, लेखी अर्ज करून की पीडीओए (अनेक पीडीओंना जोडून घेणारी) कंपनीमार्फत? आणि दुकानाच्या पत्र्यावर एकच आउटडोअर ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावला तर ७०-८० मीटरवरच्या शाळेपर्यंत पोचेल का?