शॉप फ्लोअरला (कारखान्यातल्या मशीनना) इंटरनेट द्यायचंच नाही: माझं मत, खोडून दाखवा

लेथवाला_मकरपुरा
बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) आमचा छोटा कारखाना. संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी पाच सीएनसी, एक व्हीएमसी अशी यंत्रं, आणि सगळ्यांना एका जुन्या पीसीवरून लॅननं (आतल्या नेटवर्कनं) प्रोग्राम जातात. पीसीवर विंडोज ७, कारण मशीनचं सॉफ्टवेअर त्यापुढच्या विंडोजवर चालत नाही. आता सर्व्हिसवाला म्हणतो, नेट द्या, पुण्यात बसून फॉल्ट काढून देतो. आमचे चिरंजीवही त्याच्याच बाजूला. माझं म्हणणं असं, की ज्या विंडोजच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून बंद झाल्या, तिला बाहेरचं वारं लागूच द्यायचं नाही. ई-इनव्हॉइस, बँक, मेल ऑफिसच्या पीसीवर. तिथून प्रोग्राम पेन ड्राइव्हनं न्यायचा. बारा वर्षं असंच चाललंय.

दांडियाबाजारकर
काका, तुम्ही दाराला कुलूप लावलंत आणि खिडकीतून टोपली सोडलीत. इराणचा नतांझचा अणुप्रकल्पही इंटरनेटपासून तोडलेला होता. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम (मालवेअर) यूएसबीवरूनही पसरायचा, तिथं तुटलेल्या तारेचा काय उपयोग? तुमच्याकडे कुणी हेर पाठवणार नाही, मान्य. पण तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात किती वेळा लागतो, मोजलंय?

लेथवाला_मकरपुरा
पेन ड्राइव्ह माझ्या कपाटात असतो, किल्ली कमरेला. आणि इराणपर्यंत कशाला जाता? २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुवीज केंद्रात मालवेअर सापडलं. तो पीसी इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय नेटवर्कवरचा होता आणि आतलं महत्त्वाचं नेटवर्क त्यापासून वेगळं होतं, हे ते केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलनंच सांगितलं. वेगळं ठेवायचं ते याचसाठी!

सेवउसळ_डबलतर्री
एवढा बाऊ कशाला? राउटरच्या मागे सगळे १९२.१६८ वाले आतले पत्ते, बाहेरून कुणाला दिसतच नाहीत. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून पीसी चालवायच्या सोयीचं) पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, ३३८९ चं ३३९५ करा, राउटरवरून पीसीकडे फॉरवर्ड करा, द्या सर्व्हिसवाल्याला. दहा मिनिटांचं काम.

दांडियाबाजारकर
आणि अकराव्या मिनिटाला पाहुणे हजर. पोर्टचा नंबर बदलणं म्हणजे दुकानाची पाटी काढून शटर उघडं ठेवणं. दिवसरात्र सगळी पोर्टं ठोकून बघणारे प्रोग्राम फिरत असतात. एनएटी, म्हणजे बाहेरच्या एका पत्त्यामागे आतले सगळे पीसी ठेवणं, ही पत्ते वाचवायची सोय आहे, भिंत नव्हे. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत ते सहसा नसतंच, तिथं राउटरचा फायरवॉल (ये-जा अडवणारा पहारेकरी) बंद असला तर पीसीला थेट बाहेरून गाठता येतं.

रावपुरा_हिशेबनीस
डबलतर्रींचा सल्ला आमच्या ऑफिसनं घेतला होता. म्हणजे तसाच कुणीतरी दिला होता. एका सोमवारी आलो तर सगळ्या फायली कुलूपबंद, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता की! त्याच नेटवर्कवरच्या डिस्कवर. तोही गेला. आता दर शनिवारी डिस्क जोडतो, कॉपी झाली की काढून घरी नेतो. बाकी तुमचं चालू द्या.

लेथवाला_मकरपुरा
बघा! म्हणूनच म्हणतो, जोडूच नका.

दांडियाबाजारकर
उलट आहे काका. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम आठवा. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती टाकली नाही ते सापडले. आत शिरल्यावर तो ४४५ पोर्टवरून एका पीसीतून दुसऱ्यात आपोआप जायचा. तुमच्याकडे सर्व्हिसवाला येऊन त्याचा लॅपटॉप त्याच स्विचला (मशीन जोडणाऱ्या डब्याला) लावतो ना? झालं मग! म्हणून मी असं करीन: मॅनेज्ड स्विच घेऊन मशीनचं व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये पाडलेलं स्वतंत्र नेटवर्क) वेगळं, ऑफिसचं वेगळं, कॅमेऱ्यांचं वेगळं. मध्ये फायरवॉल. दोन लॅन कार्डं असलेला जुना पीसी आणि फुकट मिळणारं ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर, एवढ्यानं भागतं. मशीनच्या बाजूनं इंटरनेटकडे काहीही जाणार नाही, ऑफिसच्या एकाच पीसीला तिकडे एकाच पोर्टवर प्रवेश, म्हणजे पेन ड्राइव्हही सुटला. सर्व्हिसवाल्याला वायरगार्डचा व्हीपीएन (इंटरनेटमधून नेलेला कुलूपबंद बोगदा), तोही त्याचा फोन आल्यावर चालू करायचा, काम झालं की बंद. आणि त्यातून त्याला तो विंडोज ७ वाला पीसी सोडून दुसरं काही दिसायला नको.

लेथवाला_मकरपुरा
आणि हे सांभाळणार कोण? तुम्ही? फायरवॉलचा एक नियम चुकला की सगळंच उघडं. वायर नसेल तर चुकायला काही उरतच नाही.

दांडियाबाजारकर
सांभाळायला माणूस लागेल, हा मुद्दा मात्र मान्य. पण वायर खरंच नाही, हे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? कॅमेरे मोबाइलवर दिसतात का तुम्हाला?

लेथवाला_मकरपुरा
काल रात्री बघितलं. ऑफिसच्या राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना स्वतः पोर्टं उघडू देणारी सोय) चालू, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डीव्हीआरनं आपलं आपण दोन पोर्टं उघडून ठेवलेली. डीव्हीआरची वायर धरत गेलो, तर ती राउटरला नाहीच. ती शॉप फ्लोअरच्या स्विचला, आणि त्या स्विचमधून एक निळी केबल पत्र्याखालून ऑफिसात. उत्तरायणात मांजानं कॅमेऱ्यांची जुनी वायर तुटली होती, तेव्हा कॅमेरावाला ‘चालू करून दिलं शेठ’ म्हणाला होता, ते हे. निळी केबल काढलीय. मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत म्हणून चिरंजीव सकाळपासून फोन करताहेत.