ई चा आय-पाय घात: रूमवर एक उत्तर, लॅबमध्ये दुसरं?

खानापूरचा_पोरगा
बेळगावात इलेक्ट्रिकल करालोय. ई चा आय-पाय घात म्हणजे उणे १, बरोबर की नाही (आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ, पायथन त्यालाच जे म्हणतंय). रूमवर पायथनमध्ये काढलं तर -१+१.२२४६४६७९९१४७३५३२ई-१६जे आलं (इथला ई-१६ म्हणजे गुणिले १० चा उणे १६ वा घात) आणि मी तसंच जर्नलात उतरवलं, लॅबच्या मॅटलॅबवर मात्र -१.०००० + ०.००००आय. सरांनी लाल पेननं गोल मारून परत दिलंय. पायथनचं गणित कच्चं आहे काय?

टिळकवाडी_कट्टा
कच्चं नाही रे. पाय ६४ बिटात पुरता मावत नाही, मावतो तो खऱ्यापेक्षा १.२२ई-१६ नं कमी, आणि उत्तरातला आय-जे वाला भाग म्हणजे पायचा साइन, अपुऱ्या पायचा तो तेवढाच येणार. मॅटलॅबच्या पोटात पण तोच आकडा बसलाय, त्याचं नेहमीचं दाखवणं, फॉरमॅट शॉर्ट, दशांशानंतर ४ घरं दाखवतंय म्हणून दिसेना. फॉरमॅट लाँग ई टाक. नुसतं लाँग टाकलास तर परत शून्यंच, १५ घरात ई-१६ कुठला दिसतोय. मॅटलॅबसारखंच ऑक्टेव्ह फुकट आहे, ते तर न सांगताच -१.००००ई+०० + १.२२४६ई-१६आय दाखवतंय. सी प्लस प्लसची तऱ्हा वेगळी, कंसात नुसते दोन आकडे, आय नाही जे नाही.

निपाणीकर
इथं तो ई-१६ वाला भाग कचरा आहे म्हणून झाकला तर चालतंय, पण दरवेळी नाही हं. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला घे, इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ०.४-३१८३.१जे ओहम, ते ०.४ म्हणजे त्याचा लॉस, वाया जाणारी वीज. आर ह्या भाषेत सिग्निफ फंक्शन लावून ३ सार्थ आकडे मागितले की ते मोठ्या भागाचे ३ आकडे धरतंय आणि दोन्ही भाग त्याच घराला तोडतंय, राहिलं ०-३१८०आय, लॉस गायब! पायथनला .३जी फॉरमॅट (३ सार्थ आकडे) दे, तो दोन्ही भाग वेगवेगळे मोजतोय: ०.४-३.१८ई+०३जे. आणि राउंड करू नकोस बाबा, राउंडनं आतला आकडाच बदलतोय, फॉरमॅटनं फक्त दिसणं.

खानापूरचा_पोरगा
लाँग ई टाकलं, लॅबच्या मशीनवर पण १.२२ निघालं! सर दोन मिनिटं स्क्रीनकडंच बघत बसले, मग म्हणाले .४एफ (दशांशानंतर ४ घरं) लावून परत लिहून आण.

टिळकवाडी_कट्टा
म्हणजे जर्नल पास. कुंदा कधी?