स्वादुपिंडातली बीटा पेशी इन्सुलिनचा साठा किती ठेवायचा हे ठरवते तरी कशी?

मुक्ता_बायो
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्लुकोज आत आलं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढलं, पोटॅशियम चॅनल (पेशीच्या आवरणातली दारं) मिटले, कॅल्शियम शिरलं आणि इन्सुलिन बाहेर पडलं, इथवर कळतं. पण एका बीटा पेशीत सुमारे 10,000 ग्रॅन्युल (इन्सुलिन साठवणाऱ्या इवल्या पिशव्या) असतात आणि जेवणानंतर त्यातले थोडेच रिकामे होतात म्हणे. नवे तर बनतच असणार. मग पेशी तुडुंब का भरत नाही?

सूक्ष्मदर्शी
नेमकी जागा पकडलीत! मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर याच पेशी बघते. ग्रॅन्युल चटकन ओळखू येतो: मधे काळाकुट्ट गाभा, भोवती फिकट कडं. गाभा म्हणजे इन्सुलिनचा स्फटिक, जस्ताच्या 2 आयनांभोवती इन्सुलिनचे 6 रेणू अशा षट्कांचा. पण नीट पाहिलं तर काही लायसोसोमच्या (पेशीतल्या पचवून टाकणाऱ्या पिशव्यांच्या) पोटातही अर्धवट विरघळलेले गाभे सापडतात. बीटा पेशी स्वतःच साठवलेलं इन्सुलिन मोडते. या क्रियेला क्रायनोफॅजी म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकं तिला जेमतेम एक ओळ देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

2007 साली प्रसिद्ध झालेलं उंदरांवरचं काम जरूर वाचा. रॅब3ए हे प्रथिन नसलं की इन्सुलिनचा स्राव मंदावतो, उत्पादन मात्र चालूच राहतं. साठा फुगायला हवा ना? फुगत नाही. जास्तीचा माल लायसोसोममध्ये जातो. म्हणजे साठा फक्त बनवणं आणि सोडणं यांवर ठरत नाही, मोडणंही त्यात तितकंच मोलाचं आहे.

बनवण्याची सूत्रंही ग्लुकोजकडेच आहेत. इन्सुलिनचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याच्या सूचनेची प्रत) पेशीत आधीच भरपूर आणि टिकाऊ असतो, त्यामुळे ग्लुकोज वाढताच तासाभरात प्रोइन्सुलिनचं (इन्सुलिनच्या कच्च्या रूपाचं) उत्पादन कितीतरी पट चढतं. आणि बाहेर पडण्यात पहिला मान नव्या ग्रॅन्युलचा, जुने मागे राहतात आणि शेवटी मोडीत निघतात.

मुक्ता_बायो
उपाशी असताना मोडणं थांबतं का?

सूक्ष्मदर्शी
उलट! बहुतेक पेशी उपासमारीत ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचेच भाग पचवणं, वाढवतात. बीटा पेशीत, 2015 मध्ये दाखवलं गेलं त्याप्रमाणे, गॉल्जीजवळचे (जिथे ग्रॅन्युल तयार होतात तिथले) नवजात ग्रॅन्युलच लायसोसोमकडे वळवले जातात. त्यातून सुटणारी अमिनो आम्लं तिथे एमटॉर (ऑटोफॅजी रोखणारं प्रथिन) जागं ठेवतात आणि ऑटोफॅजी दबलेली राहते. उपाशीपोटी इन्सुलिन सुटणं जिवावर बेतू शकतं, म्हणून मला ही व्यवस्था फार शहाणी वाटते.

अनिकेत_क
वडिलांना मधुमेहासाठी सल्फोनिलयुरियाची गोळी आहे. ती साठा रिकामा करते का?

सूक्ष्मदर्शी
ती पोटॅशियम चॅनल थेट बंद करते, त्यामुळे स्राव वाढतो. उत्पादन वाढवणारा ग्लुकोजचा इशारा मात्र ती देत नाही. प्रयोगशाळेत ठेवलेल्या पेशीपुंजांत अशा औषधाच्या दीर्घ संपर्काने साठा घटलेला दिसतो. पण यावरून वडिलांची गोळी बदलू नका हो, तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.