नोबो, निरो, झिरो... भाच्याचा मेसेज कुणी समजावून सांगेल का?

धागाकर्ती :
माझा भाचा नोकरी सोडून अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल चालायला गेलाय, जॉर्जिया ते मेन, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. रेंज आली की मेसेज टाकतो आणि तो अर्धा माझ्या डोक्यावरून जातो. परवाचा जसाच्या तसा देते.

"मावशी, नोबो बबल पुढे गेला, आमची ट्रॅमिली मागे. काल निरो, आज डॅमास्कसला झिरो. गुडघ्यांना व्हिटॅमिन आय चालू. उद्यापासून परत पड्स. एकजण पिंक ब्लेझिंग करतोय, आम्ही हसतोय. मिडनाइट झाली, झोपतो. पिकल."

आता हा मेसेज मला ठाण्यात सकाळी साडेसहाला आला म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ, मग मिडनाइट कुठून? आणि हा पिकल कोण?

प्रतिसाद :
मावशी, घाबरू नका, मुलगा मजेत आहे. सगळे दिवसभर चालून इतके दमतात की अंधार पडला की झोपतात, म्हणून रात्री नऊलाच 'हायकर मिडनाइट' म्हणायची पद्धत आहे, त्यानंतर शेल्टरमध्ये, म्हणजे ट्रेलवरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, मोठ्याने बोललात तर शिव्या बसतात.

नोबो म्हणजे नॉर्थबाउंड, दक्षिणेकडून उत्तरेला चालणारा, उलटा तो सोबो. नोबो लोक बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवरून निघतात, कारण ऑक्टोबरच्या मध्याच्या आत मेनमधल्या कटाडिन डोंगरावर पोचायचं असतं, नंतर तिथे हवेचा भरवसा नसतो. सगळे एकाच सुमारास निघाल्यामुळे जी गर्दी एकत्र सरकत राहते ती बबल. गर्दी नको असलेले काहीजण मधूनच, म्हणजे हार्पर्स फेरीहून वगैरे सुरू करून आधी कटाडिन गाठतात, मग गाडीने परत मधे येऊन उरलेलं दक्षिणेकडे चालतात, त्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात, चपलांशी संबंध नाही.

झिरो म्हणजे ज्या दिवशी ट्रेलवर शून्य मैल चाललं तो दिवस. निरो म्हणजे जवळजवळ झिरो, सकाळी थोडंसं चालून गावात उतरायचं आणि उरलेला दिवस कपडे धुणे, खाणे, लोळणे. डॅमास्कस हे व्हर्जिनियातलं गाव, ट्रेल सरळ त्याच्या रस्त्यावरूनच जाते.

प्रतिसाद :
वरच्यांनी राहिलेलं मी घेतो. व्हिटॅमिन आय म्हणजे आयब्युप्रोफेन, गंमतीचं नाव आहे पण गोळी खरी आहे, त्यामुळे उपाशीपोटी आणि पाणी कमी पिऊन रोज घेऊ नको हे मात्र नक्की कळवा. पड्स हे पॉइंटलेस अप्स अँड डाउन्सचं आखूड रूप, म्हणजे चढलो तर वर काही बघायला नाही, लगेच उतरायचं, परत चढायचं. ट्रॅमिली म्हणजे ट्रेलवर जमलेलं कुटुंब.

आणि ब्लेझचं प्रकरण जरा मजेशीर आहे. ट्रेलवर झाडांवर दोन बाय सहा इंचाचे पांढरे पट्टे रंगवलेत, ते व्हाइट ब्लेझ, त्यांच्या मागे मागे चालायचं. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे किंवा लक्ष द्या असा अर्थ. पाण्याकडे, शेल्टरकडे जाणाऱ्या फाट्यांना निळे पट्टे. इथपर्यंत नुसत्या खुणा, पण लोकांनी त्याची क्रियापदं केली. निळ्या वाटेने शॉर्टकट मारला तर ब्लू ब्लेझिंग. रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून, म्हणजे गाडीत बसून पुढे गेला तर यलो ब्लेझिंग. शेनंडोआ नदीतून होडीने गेला तर अ‍ॅक्वा ब्लेझिंग. आणि पिंक म्हणजे एखादी मुलगी आवडली म्हणून तिच्या वेगाने, तिच्या मुक्कामावर मुक्काम करत चालणे :)

यातलं यलो जपून वापरायचं. स्वतःबद्दल हसून म्हटलं तर चालतं, दुसऱ्याला 'यलो ब्लेझर' म्हटलं की तो टोमणा होतो, तू चाललाच नाहीस असा. प्रत्येक पांढरा पट्टा ओलांडणारे प्युरिस्ट आणि बाकीचे यांची यावरून कायम भांडणं, आणि भांडण वाढलं की कुणीतरी एचवायओएच टाकतो, हाईक युअर ओन हाईक. मूळ अर्थ चांगला, ज्याने त्याने आपल्या पद्धतीने चालावं. पण माझं स्पष्ट मत, आजकाल निम्म्या वेळा तो शब्द 'गप बस' अशा अर्थानेच वापरतात.

धागाकर्ती :
अग्गोबाई, पिंक हे असं आहे होय! पण पिकल?

प्रतिसाद :
ते ट्रेलनेम. स्वतः ठेवायचं नसतं, बरोबरचे ठेवतात, बहुतेक काहीतरी वेडेपणा केल्यावर. लोणचं नेलं होतं का त्याने?

धागाकर्ती :
मीच दिलं होतं. कैरीचं, काचेच्या बरणीत.

प्रतिसाद :
मग झालंच! तिकडे लोक वजनासाठी टूथब्रशचा दांडा कापतात. त्यावरून 'बेसवेट' पण समजून घ्या, नवीन लोक इथे हमखास फसतात. बेसवेट म्हणजे खाणं, पाणी, इंधन सोडून सॅकचं वजन. दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोच्या खाली असेल तर अल्ट्रालाइट. तो 'माझं चार किलो' म्हणाला म्हणून पाठीवर चारच किलो आहे असं नाही, चार-पाच दिवसांचं खाणं नि दोन लिटर पाणी धरलं की आकडा दुपटीच्या आसपास जातो. लोणचं खाण्यात मोजलं जाईल, बरणी मात्र बेसवेटमध्ये.

प्रतिसाद :
आपल्याकडे पण के टू एस (कात्रज ते सिंहगड), एएमके (अलंग-मदन-कुलंग) आहेच की. पण ती जागांची नावं झाली. नोबोसारखा दिशेचा शब्द सह्याद्रीत लागतच नाही, कारण महिनोन्महिने एकाच दिशेने चालायची वाट नाही. नर्मदा परिक्रमेत मात्र लागतो, तिथे 'सध्या कुठे' विचारलं की 'दक्षिण तटावर' असं उत्तर येतं आणि ऐकणाऱ्याला कळतं किती झालं, किती राहिलं. वाटेत कुणी शिधा देतं ते सदाव्रत, ट्रेल मॅजिक त्याच्याच जवळचं, अनोळखी माणूस रस्त्याच्या कडेला थंड पेयं, फळं घेऊन बसतो. असं करणारा तो ट्रेल एंजल.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. शेवटचं, काल 'मेल ड्रॉप पाठव' असं आलंय.

प्रतिसाद :
पुढच्या गावातल्या पोस्टात खाण्याचं खोकं पाठव म्हणतोय. भारतातून खाणं पाठवायच्या भानगडीत पडू नका, तिकडे कुणी नातेवाईक असेल त्यांना सांगा. पत्त्यात त्याचं खरं नाव, खाली जनरल डिलिव्हरी (म्हणजे पोस्टातच राखून ठेवा), गाव, राज्य, झिप कोड, आणि बाजूला 'एटी हायकरसाठी ठेवा' (एटी म्हणजे अ‍ॅपलाचियन ट्रेल) नि पोचायची अंदाजे तारीख, सगळं अर्थात इंग्रजीत. पोस्टात ओळखपत्र बघून देतात, त्यामुळे वर नुसतं पिकल लिहिलंत तर खोकं तिथेच पडून राहील.

धागाकर्ती :
बहीण न्यू जर्सीला असते, तिला आत्ताच कळवते. बरणी नको म्हणून पण सांगते.