इंटरव्ह्यूत "अजून कुठे कुठे अप्लाय केलंय?" विचारलं तर खरं सांगायचं का?

अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ज टाकलेत, पुढच्या आठवड्यात एका कॉलेजच्या माजी विद्यार्थिनीबरोबर ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. हे कॉलेज मला आवडतं पण यादीत तिसरं आहे. मैत्रीण म्हणते ठोकून दे की तुम्हीच पहिली पसंती. मला तोंडावर खोटं बोलायला जमत नाही, पण खरं सांगून पत्ता कट झाला तर? आणि बाकीची यादी त्यांना दिसते का?

प्रतिसाद १
नाही दिसत. कॉमन ॲपवर (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज टाकायची वेबसाइट) प्रत्येक कॉलेजला फक्त त्यांच्याकडे आलेला अर्ज दिसतो. पण तिथे २० कॉलेजं टाकता येतात, त्यामुळे तू बाकीकडे पण टाकले असणार हे समोरच्या बाईंना माहीतच असतं, मग "फक्त तुमच्याकडेच केलाय" म्हणालीस तर उलट तेच खटकेल. सहसा त्यांच्याकडे तुझे मार्क, निबंध काहीच नसतं, त्या गप्पा मारून एक छोटा रिपोर्ट पाठवतात, बस. त्या रिपोर्टमध्ये मुलगी मोकळेपणाने बोलली एवढं आलं तरी खूप आहे गं.

प्रतिसाद २
अर्ली डिसिजनला, म्हणजे ॲडमिशन मिळाली तर येणारच असा शब्द देऊन लवकर टाकलं असशील तर वेगळं. तो एकाच कॉलेजला टाकता येतो, तू, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात, ॲडमिशन मिळाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. एकीकडे असा शब्द देऊन दुसरीकडे "तुम्हीच पहिले" म्हणणं मला तरी चुकीचंच वाटतं, पकडली जाशील न जाशील तो नंतरचा प्रश्न.

प्रश्नकर्ती
नाही, सगळीकडे रेग्युलरच आहे, असा शब्द कुठेच दिलेला नाही. पण नावंच सांग म्हणाल्या तर? आणि पहिली पसंती कोणती असं थेट विचारलं तर??

प्रतिसाद १
नावं सांगायची सक्ती कुठेच नाही. दोन-तीन सांगितलीस तरी बिघडत नाही, पण पूर्ण यादी वाचून दाखवू नकोस आणि क्रमांक तर अजिबात नको. असं काहीतरी बोल, "हो, अजून काही ठिकाणी केलेत, सगळीकडे पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये काम करता येईल हेच बघितलं, अजून एक असं ठरवलेलं नाही." आणि लगेच त्यांच्या कॉलेजमधलं तुला खरंच आवडलेलं काहीतरी सांग, एखादा कोर्स, एखाद्या प्राध्यापकांचं काम. हे नसेल तर आज बसून शोध, कारण त्यांना खरं तर तेच ऐकायचं असतं.

प्रतिसाद ३
"अजून ठरवलेलं नाही" हे खरं असेल तरच म्हण हां. तुझं एक-दोन-तीन पक्कं असेल तर "निकाल आणि स्कॉलरशिप बघून ठरवणार" म्हण, ते बहुतेकांच्या बाबतीत खरंच असतं.

यूकेला पण टाकणार असशील तर यूकासवर (तिकडच्या युनिव्हर्सिटींना अर्ज टाकायची वेबसाइट) ५ पर्याय असतात, आणि तू ऑफर्सना उत्तर देईपर्यंत एका युनिव्हर्सिटीला दुसरी दिसत नाही. फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्हीकडे सहसा टाकता येत नाही.

प्रश्नकर्ती
स्कॉलरशिपचं तर शंभर टक्के खरं आहे, तेच सांगते. कोर्सची यादी उघडून बसलेय आता, थँक्यू सगळ्यांना.