मदत हवी आहे : कुंभारजुवे कालव्यात हाउसबोटीवर राहतो, वळवाच्या वादळात बोटीवर थांबावं की उतरावं?

नमस्कार मंडळी,

गोव्यात किंवा कोकणात खाडीत-नदीत बोटीवर राहिलेलं, निदान पावसाळ्यात बोट सांभाळलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून सांगा. मे अर्धा सरलाय आणि रोज दुपारनंतर पूर्वेला घाटाच्या बाजूला ढग उभे राहायला लागलेत.

आम्ही चौघं आहोत : मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बाणास्तारीच्या पुलापासून थोडं दक्षिणेला, मांडवी आणि झुआरी नद्यांना जोडणाऱ्या या कालव्याच्या पश्चिम काठाला बांधलेल्या हाउसबोटीवर राहतो. बोट आमची नाही. नवरा तिचं इंजिन आणि देखभाल बघतो, मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या आहेत. एरवी मेअखेरीस ती पाण्याबाहेर काढतात. या वर्षी ती पाण्यातच ठेवायची असं मालकांनी ठरवलंय, आणि पावसाळाभर आम्ही तिच्यावरच असणार. हंगाम संपल्यामुळे नवरा दिवसा दुसरीकडे कामाला जातो. वादळ यायची वेळ संध्याकाळची, तेव्हा बोटीवर बहुतेकदा आम्ही दोघी आणि मुलगीच असतो.

बोट फायबरची, सपाट तळाची, वर आणखी एक मजला. पाण्याखाली थोडी आणि पाण्यावर खूप, त्यामुळे वारा तिला भिंतीसारखा लागतो. परवा आलेला वळीव पूर्वेकडून आला आणि बोट लाकडी धक्क्यावर आदळत राहिली. मधे टायर आहेत म्हणून कडा वाचली. पण जूनमध्ये वारा नैऋत्येचा होईल, तेव्हा हीच बोट धक्क्यापासून दूर ओढली जाईल आणि सगळा भार दोरांवर येईल. दोर नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) एक, मागे एक, मधे दोन असे आहेत. एवढे पुरतील का?

दुसरं विजेचं. आजूबाजूला खारफुटी आणि शेतं आहेत, उंच असं काही नाही. गडगडायला लागलं की मुलगी पलंगाखाली जाऊन बसते आणि मला तिला खोटा धीर द्यायचा नाहीये. फायबरच्या बोटीत आपण विजेपासून खरंच सुरक्षित असतो का?

तिसरं उकाड्याचं. पाऊस आडवा येतो म्हणून खिडक्या लावल्या की दहा मिनिटांत आत श्वास घेववत नाही. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, उतरायचं कधी? धक्क्यापासून दोन-तीन मिनिटांवर ओळखीच्यांचं पक्कं घर आहे, ते केव्हाही या म्हणतात. पण वारा सुटल्यावर फळीवरून सासूबाईंना नेणं मला बोटीवर थांबण्याहून भीतीदायक वाटतं. तुम्ही हे कशावरून ठरवता?

दर्यावर्दी_मालवण

ताई, आधी दोरांचं सांगतो, कारण बोट गेली तर बाकीचे प्रश्न उरतच नाहीत.

चार दोर पुरतील की नाही हे ते कुठे आणि कसे बांधलेत त्यावर आहे. सरळ आडवे, आखूड बांधले असतील तर चार काय, आठही कमीच. भरती-सुकतीला पाणी वर-खाली होणार, उधाणाला तुमच्याकडे साधारण दोन मीटरपर्यंत. आखूड दोर सुकतीला बोट टांगून धरतो, नाहीतर खुंटा उपटतो. म्हणून लांब, तिरके दोर हवेत : नाळेकडून एक पुढे काठावर, मागून एक मागे काठावर, आणि मधले दोन उलटसुलट. बोटीच्या पुढच्या खुंट्यावरचा काठावर मागच्या बाजूला न्यायचा आणि मागच्या खुंट्यावरचा पुढच्या बाजूला. या दोन तिरक्या दोरांमुळे बोट पुढे-मागे सरकत नाही आणि पाण्याबरोबर चढ-उतारही करते. यांशिवाय नाळेला आणि मागे एकेक जादा दोर धक्क्याच्या लाकडाला न बांधता काठावरच्या पक्क्या खांबाला न्या. धक्काच गेला तर तेच कामी येतील.

दोर नायलॉनचा घ्या. तो ताणला जातो, त्यामुळे झटका खुंट्यावर येत नाही. स्वस्तातला तरंगणारा प्लास्टिकचा दोर उन्हाने कडक होतो, हातात घेऊन मुरगळलात तर त्याची पूड पडते, तसला नको. जिथे दोर कडेला घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवा. बहुतेक दोर ताणाने तुटत नाहीत, घासून तुटतात.

वाऱ्याचा हिशेब लक्षात असू द्या. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ताशी ४० किलोमीटरच्या जागी ६० दिसलं तर हा फरक किरकोळ समजू नका. वरच्या मजल्यावरची ताडपत्री, प्लास्टिकचे पडदे, खुर्च्या आजच काढून टाका. शिडासारखं काम करतं ते सगळं.

आणखी एक. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा उथळ पट्टा, वाहतुकीला बंद झाला की खनिजाच्या बार्जेस (सपाट मालवाहू बोटी) मुरगावला जायला तुमच्याच कालव्यातून जातात. अरुंद पाण्यात मोठी बार्ज जवळून गेली की आधी पाणी खेचलं जातं, मग उसळतं. ढिला दोर अशाच वेळी हिसका खाऊन तुटतो. रात्री दोर अडकला तर सोडवायला कुणीही पाण्यात उतरू नका. कालव्यात मगरी आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

वीजजोडणीवाला

ताई, मुलीला खरं तेच सांगा. फायबरची बोट विजेपासून वाचवत नाही. धातूच्या बंद सांगाड्यातून, उदाहरणार्थ बंद मोटारीत, वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. फायबरला तसा मार्ग नाही. छतावर सगळ्यात उंच जागी तांब्याचा दंड आणि तिथून शक्य तितक्या सरळ, जाड तांब्याच्या पट्टीने पाण्यात बुडालेल्या धातूच्या पत्र्यापर्यंत जोडणी, एवढं जाणकाराकडून करून घेता येतं. त्याने नुकसान कमी होतं. पण माणसांसाठी पक्क्या घराला पर्याय नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आलं म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा तुम्ही घरात असायला हवं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोफत आहे, जवळपास वीज पडत असली तर कळवतं.

काठावरून वीज घेत असाल तर वादळाआधी ती केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आहे का, हे आजच बघा. निमखाऱ्या पाण्यात लाइन गळत असेल तर ओल्या फळीवर पाय ठेवणाऱ्यालाही धक्का बसू शकतो. खिडक्या लावलेल्या असताना जनरेटर चालवू नका, त्याचा धूर जीवघेणा असतो.

माशेलची_माई

बाळ, उतरण्याचं मी सांगते. आमचं सगळं आयुष्य नदीकाठी गेलं.

तू वाऱ्याकडे बघतेस, पाण्याकडेही बघ. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला येते, म्हणजे पुरती सुकती संध्याकाळी साडेपाच-सहाला. वळीव यायची वेळही तीच. त्या दिवसांत बोट धक्क्याच्या खूप खाली गेलेली असते, फळी उभी चढणीची होते आणि वरून पाऊस. सासूबाईंना तेव्हा नेताच येणार नाही. त्या दिवसांत त्यांना दुपारी जेवण झाल्यावरच त्या घरी नेऊन बसव, आभाळ स्वच्छ असलं तरी. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढ-उतरत नाही, तेव्हा थोडी सवड मिळते.

उकाड्याचंही त्यातच आलं. त्या तिथे पंख्याखाली पडून राहतील.

धागाकर्ती

माई, तिथीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज दिनदर्शिका घेऊन बसले. पुढच्या अमावास्येच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस सासूबाई दुपारीच जातील. त्या आधी कुरकुरल्या, मग मुलीलाही बरोबर नेईन म्हणाल्या. त्यामुळे माझ्यावरचा मोठा भार उतरला.

मालवणच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे नवऱ्याने मधले दोर तिरके करून घेतले. काठावरच्या सिमेंटच्या खांबाला दोन जादा दोर उद्या लावणार. ताडपत्री काढली. पुढच्या उघड्या डेकची पाणी जायची भोकं पानांनी बुजली होती, तीही मोकळी केली. तो डेक साधारण २० चौरस मीटरचा आहे. १०० मिलिमीटर पाऊस साठला तर २,००० लिटर, म्हणजे दोन टन वजन नाळेवर. हा हिशेब केल्यावर रोज सकाळी भोकं बघायचं काम मी माझ्याकडे घेतलंय.

वीजवाल्या दादांचा तीस सेकंदांचा नियम घरात सगळ्यांना पाठ झाला. मुलगी आता पलंगाखाली न जाता मोठ्याने आकडे मोजते. गळती-रोधक स्विच नव्हता, नवरा आणायला गेलाय.

दादा, तौक्तेसारखं काही आलं तर? १६ मे २०२१ ला ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं पडून वीज गेली होती, आठवतंय.

दर्यावर्दी_मालवण

चक्रीवादळाचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो, वळवासारखं अचानक नसतं ते. हवामान खात्याने गोव्याला तांबडा इशारा दिला की बोटीवर कुणीही थांबायचं नाही, नवऱ्यानेही नाही. दोर दुप्पट करा, गॅस बंद करा, पाणी उपसायच्या पंपाची बॅटरी भरून ठेवा आणि कागदपत्रं घेऊन उतरा. त्या रात्री बोटीवर असलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. अडकलात तर ११२. आणि मालकांना आजच लेखी कळवून ठेवा की अशा दिवशी बोट रिकामी राहील.

धागाकर्ती

लिहून पाठवलं. ‘ठीक आहे, माणसं आधी’ असं उत्तर आलं.

आता एक राहिलं. भरतीचं तक्ता-पत्रक मुरगाव बंदराचं मिळतं, पण आम्ही कालव्याच्या आत आहोत आणि इथे पाणी मांडवी आणि झुआरी अशा दोन्ही बाजूंनी चढतं. बाणास्तारीजवळ भरती मुरगावच्या वेळेपेक्षा किती उशिरा होते, हे तिथल्या कुणा मासे मारणाऱ्याने किंवा मानशीवर (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारावर) काम करणाऱ्याने पाहिलं असेल तर सांगा. तोवर मी धक्क्याच्या खांबावर रंगाने खुणा करून रोजच्या वेळा लिहायला सुरुवात केली आहे.